सर्च बॉक्समध्ये भलतीच सजेशन्स येत असतील तर आधी शोधांची वही उघडा

लक्षणं

खालीलपैकी एक जरी तुमच्या ऑनलाइन स्टोअरवर दिसत असेल तर पुढे वाचा.

- गिऱ्हाईक ‘मो’ टाइप करतं आणि दिवाळी आली तरी पहिलं नाव ‘मोदकाचा साचा’च येतं.
- सजेशनवर बोट ठेवलं की ‘एकही वस्तू सापडली नाही’ असं पान उघडतं.
- चुकीचं लिहिलेला शब्द सगळ्यात वर, बरोबर शब्द खाली किंवा गायबच.
- ‘चकल’, ‘पुरणयं’ असे अर्धवट शब्द यादीत दिसतात.
- कुठल्या तरी वेबसाइटचे पत्ते, परक्या भाषेतली वाक्यं, जुगाराच्या जाहिराती दिसतात.
- नुसती चार-पाच प्रश्नचिन्हं दिसतात.
- नवा माल लागून पंधरवडा झाला तरी त्याचं नाव सुचत नाही.
- कुणाचा तरी मोबाइल नंबर दिसतो. हे दिसलं तर बाकीचं नंतर वाचा, आधी शेवटचा भाग वाचा.

दादर, भुलेश्वर आणि लोहार चाळीतल्या काही दुकानांच्या ऑनलाइन स्टोअरची देखभाल मी करते. भांडी, पूजासाहित्य, विजेचं सामान असा माल. यातली पहिली चार लक्षणं दर वर्षी गणपतीच्या आणि दिवाळीच्या आधी हमखास डोकं वर काढतात, आणि दर वेळी दुकानदाराला कुणीतरी सांगून गेलेलं असतं की नवं सर्च प्लगइन (स्टोअरला जोडायचं तयार सॉफ्टवेअर) विकत घ्या. मी पाहिलेल्या बहुतेक स्टोअरमध्ये त्याची गरज नव्हती. बिघाड सर्च इंजिनात नसून ते ज्या वहीवरून वाचतं त्या वहीत होता.

सजेशन येतं कुठून

दोन झरे असतात. एक मालाच्या यादीचा: वस्तूंची नावं, वर्गवारी, ब्रँड. दुसरा गिऱ्हाइकांच्या वागण्याचा: कुणी काय टाइप केलं, किती वस्तू सापडल्या, तोच शब्द किती वेळा आला. दुसरा झरा म्हणजे अक्षरशः वही. मॅजेंटो हे ऑनलाइन स्टोअर चालवण्याचं एक सॉफ्टवेअर आहे. मॅजेंटोमध्ये ती अॅडमिनमध्ये मार्केटिंगखाली ‘सर्च टर्म्स’ या नावाने उघडून पाहता येते. प्रत्येक ओळीत शोधलेला शब्द, सापडलेल्या वस्तूंची संख्या आणि वापराचा आकडा असतो. तोच शब्द पुन्हा कुणी शोधला की आकडा एकाने वाढतो. नवं गिऱ्हाईक अक्षरं टाइप करू लागलं की त्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या, काहीतरी माल सापडलेल्या ओळी निवडायच्या, वापराच्या आकड्याप्रमाणे लावायच्या आणि वरच्या आठ दाखवायच्या. मूळ सेटिंगमध्ये आठच असतात. वर्डप्रेसवरचं साधं सर्च मात्र अशी कुठलीच नोंद ठेवत नाही, तिथे वही ठेवण्याचं काम प्लगइन करतं. भाड्याच्या प्लॅटफॉर्मवर वही असते, पण ती पूर्ण पाहायला मिळेलच असं नाही.

एवढं डोक्यात ठेवलं की तपास सोपा होतो. वहीत नोंद कोण करतंय, कधीची नोंद धरली जातेय आणि शब्द कसा लिहिला गेलाय, हे तीनच प्रश्न.

पहिली तपासणी: सजेशन तुमच्या स्टोअरचंच आहे ना?

फुकट आहे, दोन मिनिटं लागतात, आणि हिने कितीतरी तक्रारी जागेवर मिटल्या आहेत. दुकानातल्या कॉम्प्युटरवर वर्षभर जे टाइप झालं ते ब्राउझर स्वतः लक्षात ठेवतो आणि त्याच चौकटीखाली दाखवतो. मालकाला वाटतं, सगळ्या जगाला हेच दिसतंय.

इनकॉग्निटो खिडकी उघडा आणि तीच अक्षरं टाइप करा. मग दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवर, दुकानाच्या वायफायवर नव्हे तर मोबाइल डेटावर पाहा. दोन्हीकडे ते नाव येत नसेल तर दोष ब्राउझरच्या आठवणीचा. क्रोममध्ये बाणाच्या बटणाने त्या नावावर जाऊन शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबलं की ते जातं. काही थीममध्ये ‘अलीकडे शोधलेलं’ अशी यादीही असते, तीसुद्धा त्याच फोनपुरती असते.

दुसरी तपासणी: कॅश

काल बदल केला आणि आज जुनंच दिसतंय, तर कॅश (आधीची उत्तरं साठवलेली जागा) साफ करा आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. सजेशनची उत्तरं वेगाने मिळावीत म्हणून साठवून ठेवलेली असतात. यापेक्षा जास्त वेळ इथे घालवू नका.

तिसरी तपासणी: वहीची पहिली पन्नास नावं

वही उघडा, वापराच्या आकड्यावर लावा आणि वरची पन्नास नावं कागदावर उतरवा. स्क्रीनवर नजर घसरते. कागदावर पेन्सिलने खूण करताना दुकानदाराला स्वतःलाच दिसतं की हा शब्द आपलं गिऱ्हाईक कधी बोलणार नाही.

नको असलेली ओळ खोडू नका. खोडली की पुढच्या शोधाला ती पुन्हा जन्म घेते आणि आकडा एकपासून चढू लागतो. त्या ओळीत ‘सजेशनमध्ये दाखवा’ला ‘नाही’ करा. नोंद राहते, दिसणं थांबतं.

मग निकालांच्या रकान्याकडे बघा. तो आकडा शेवटच्या शोधाच्या वेळचा असतो. सहा महिन्यांपूर्वी ‘सोलर दिवा’ शोधल्यावर चार वस्तू सापडल्या, त्यानंतर तुम्ही तो माल बंद केला, आणि मधल्या काळात कुणी तो शब्द शोधलाच नाही, तर वहीत अजून चारच आहेत. म्हणून सजेशन येतं आणि पान रिकामं निघतं. शंका असलेला शब्द स्वतः एकदा शोधा, आकडा ताजा होतो.

उलट बाजूही बघा: वापर जास्त, निकाल शून्य. या ओळींकडे दुकानदार दुर्लक्ष करतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण ही गिऱ्हाइकाने दारात येऊन मागितलेली वस्तू असते. एका दुकानात ‘बिडाचा तवा’ या शब्दापुढे शून्य होतं. तवे रॅकवर होते, ऑनलाइनही होते, पण कंपनीच्या खोक्यावरचं नाव जसंच्या तसं टाकल्यामुळे सगळीकडे ‘कास्ट आयर्न तवा’. समानार्थी शब्दांच्या यादीत ‘बीड’ टाकायला पाच मिनिटं लागली. नवा माल सुचत नाही या तक्रारीचं मूळही बहुतेकदा इथेच असतं: जो शब्द अजून कुणी शोधलेलाच नाही तो वहीत येणार कुठून? त्यासाठी मालाच्या नावांचा झरा चालू आहे का ते सेटिंगमध्ये पाहा.

चौथी तपासणी: तुमचीच माणसं

दादरच्या एका भांड्यांच्या दुकानात ‘स’ टाइप केलं की पहिलं नाव यायचं ‘स्टील डबा १० नं झाकण’. डब्याचं नुसतं झाकण ऑनलाइन कोण मागवणार? मी सकाळी अकराला जाऊन काउंटरच्या मागे स्टूल टाकून बसले. फोन वाजला, पलीकडून कुणीतरी भाव विचारला. पॅकिंगवाल्या मुलाने दोरीचं टोक दातात धरलं, खोकं गुडघ्याने दाबलं, आणि मोकळ्या झालेल्या हाताने मोबाइलवर दुकानाचीच वेबसाइट उघडून नाव टाइप केलं. भाव सांगितला, फोन ठेवला, दोरीला गाठ मारली.

“काका, हा भाव बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये का नाही बघत?” मी मालकांना विचारलं.

“अहो ताई, ते उघडायला दोन मिनिटं घेतं. हे लगेच सापडतं.”

दुपारी एकपर्यंत मी जुन्या बिलाच्या पाठीवर रेघा मारत होते. त्रेचाळीस शोध, आणि सगळे एकट्या त्या मुलाचे. महिनाभर हे चाललं तर वहीत खऱ्या गिऱ्हाइकाचा आवाज उरेल कसा?

उपाय म्हणून बरेच जण दुकानाचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) मोजणीतून वगळतात. मुंबईत ते टिकत नाही. घरगुती ब्रॉडबँडचा पत्ता बदलत राहतो, आणि मोबाइल डेटावर तर हजारो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. तो वगळला तर दुकानातल्या माणसांबरोबर खरी गिऱ्हाइकंही जातात. त्यापेक्षा दुकानातल्या प्रत्येक फोनवर आणि कॉम्प्युटरवर एकदा कर्मचारी म्हणून लॉगिन करून ठेवा आणि त्या लॉगिनचे शोध मोजू नका. वहीबाहेर ठेवायचा तो माणूस, पत्ता नव्हे. त्या मुलाला भावाची छापील यादी दिली, तीही उपयोगी पडली.

पाचवी तपासणी: अर्धवट शब्द आणि फार छोटे शब्द

‘चकल’ वहीत आलं कसं? टाइप करता करता निकाल दाखवणाऱ्या स्टोअरमध्ये प्रत्येक अक्षरागणिक सर्व्हरकडे विचारणा जाते. ती विचारणा आणि पूर्ण केलेला शोध यात फरक केला नसेल तर ‘च’, ‘चक’, ‘चकल’, ‘चकली’ अशा चार ओळींत नोंद होते, आणि आधीचा तुकडा बहुतेकदा नंतरच्यापेक्षा जास्त मतं घेऊन वर बसतो.

मराठीत हे जास्त बोचतं. पुष्कळ लोक फोनवर रोमन अक्षरं दाबून देवनागरी उमटवतात. शब्द पक्का होईपर्यंत चौकटीत अर्धं रोमन, अर्धं देवनागरी असं काहीतरी असतं आणि घाई करणारी स्क्रिप्ट तेही पाठवून देते. शब्द पक्का झाल्याची खूण ब्राउझर देतो, ‘कॉम्पोझिशन एंड’ म्हणतात तिला. तिची वाट पाहायची, त्यानंतर पाव सेकंद थांबायचं, मग विचारणा. आणि वहीत नोंद फक्त एंटर दाबल्यावर किंवा वस्तू उघडल्यावर. स्क्रिप्टमध्ये हा बदल लहान आहे, थीम बनवणाऱ्याला नेमकं एवढंच सांगा.

याची दुसरी बाजू शोधायच्या शब्दाच्या कमीत कमी लांबीची. मॅजेंटोमध्ये ती मुळात तीन असते. ‘तवा’ म्हणजे त, व आणि काना, तीन झाले, चालतं. ‘कप’ म्हणजे दोनच. म्हणून ‘कप’ शोधणाऱ्याला काहीच मिळत नाही. मराठी नावं असतील तर ती मर्यादा दोनवर आणा.

सहावी तपासणी: माणसं नसलेले पाहुणे

परक्या भाषेतली वाक्यं, वेबसाइटचे पत्ते, जुगाराची नावं दिसली तर हे बॉट आहेत, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम. यामागचा हेतू समजून घ्या, नाहीतर तुम्ही नुसत्या ओळी लपवत बसाल. स्टोअरच्या शोधपानाचा पत्ता कुणीही हवा तसा बनवू शकतो: तुमचं डोमेन, पुढे त्याची जाहिरात. ते पान गुगलने आपल्या यादीत घेतलं की तुमच्या नावावर त्याची जाहिरात फुकट. आणि जाता जाता वहीत नोंद होते. निकाल शून्य असेल तर सजेशनमध्ये येणार नाही असं वाटेल. पण पुष्कळ स्टोअरमध्ये वाक्यातला एक शब्द जुळला तरी माल सापडतो, त्यामुळे लांबलचक जाहिरातीलाही निकाल मिळतात आणि ती चाळणीतून पार होते.

बॉटनी कुठे फिरू नये हे सांगणाऱ्या रोबॉट्स.टीएक्सटी या फाइलमध्ये शोधपानं बंद करा असा सल्ला सगळीकडे मिळेल. ही पद्धत १९९४पासूनची आहे आणि २०२२मध्ये आरएफसी ९३०९ (इंटरनेटच्या मानकांतला एक दस्तऐवज) म्हणून तिला अधिकृत रूप मिळालं, पण ती विनंती आहे, कुलूप नाही. सभ्य बॉट ऐकतात, बाकीचे नाही. त्यात एक खाचही आहे. कचरा पानं गुगलच्या यादीत आधीच गेली असतील तर त्यांच्यावर ‘नोइंडेक्स’ (हे पान यादीत घेऊ नका अशी खूण) लावायचं असतं, आणि रोबॉट्स फाइलमध्ये दार बंद केलं तर गुगलला ती खूण वाचताच येत नाही. म्हणून आधी नोइंडेक्स, पानं यादीतून गळाली की मग दार बंद.

वहीसाठी खरा इलाज वेगळा आहे. नोंद सर्व्हरवर विचारणा आली की लगेच करू नका, निकालाचं पान ब्राउझरमध्ये उघडल्यावर स्क्रिप्टने करा. साधे बॉट स्क्रिप्ट चालवतच नाहीत. आणि एका पाहुण्याचा एक शब्द दिवसातून एकदाच मोजा. कुठलाही शब्द सजेशनमध्ये येण्याआधी तो निदान पाच वेगवेगळ्या पाहुण्यांनी शोधलेला असावा अशी अट घाला. ही एक अट बॉटचा बराच कचरा, दुकानातल्या मुलाचे शोध आणि पुढे येणारी नंबरांची गोष्ट, तिन्हीला आवर घालते. एकच अट निवडायची झाली तर मी हीच निवडेन.

सातवी तपासणी: एकच शब्द, तीन ओळी

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे, आणि मराठी दुकानांसाठी हेच सगळ्यात मोलाचं आहे.

चकलीचा सोऱ्या घ्या. ‘सोऱ्या’ कॉम्प्युटरच्या पोटात दोन तऱ्हांनी जातो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर टाकतात, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, त्याचा क्रमांक ०९३१. काही साधा ‘र’, पाय मोडल्याची खूण आणि तिच्यापुढे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पोटात एक सहा चिन्हांचा, दुसरा सात. आणि ज्यांना अर्धा र उमटवता येत नाही ते रफार देऊन ‘सोर्या’ लिहितात. वहीच्या दृष्टीने हे तीन अनोळखी शब्द.

एका दुकानाच्या वहीत मला या तीन ओळी सापडल्या: ११२, ७४ आणि ३९. बेरीज २२५. पण ‘सो’ टाइप केल्यावर वर यायचा ‘सोलर दिवा’, १३० मतांवर, जो माल बंद होऊन वर्ष झालं होतं. दिवाळीच्या तोंडावर गिऱ्हाइकाला सोऱ्या हवा आणि दुकान त्याला नसलेला दिवा दाखवतंय.

‘ॲल्युमिनियम’चंही तेच: ‘ॲ’ हे एक अक्षर, ‘अ’वर वेगळा चंद्र देऊन ‘अॅ’, आणि हिंदी कीबोर्डवरचं ‘ऍ’. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण लावलं की हे सगळं एक होईल असं प्रोग्रामरही समजतात. होत नाही. न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा ‘र’ आणि ०९३१चा ‘ऱ’ त्या नियमांत समान नाहीत, आणि ‘ॲ’ची रूपंही नाहीत. ही जोडणी स्वतः लिहून द्यावी लागते. माझ्याकडे तशी एक छोटी यादी आहे. तिच्यात अर्धा र, ॲची तीन रूपं, अनुस्वार आणि परसवर्ण (‘अंक’ आणि ‘अङ्क’ यांसारखी रूपं), इतकंच. ऱ्हस्व-दीर्घाचंही एक फिल्टर सर्च इंजिनात मिळतं, हिंदीसाठी बनवलेलं, जे सगळ्या दीर्घ वेलांट्या आणि उकार ऱ्हस्व करतं. ‘पूरणयंत्र’ लिहिणाऱ्याला ‘पुरणयंत्र’ मिळतं ही सोय, पण ते पाय मोडल्याची खूणही उडवतं, म्हणून आंधळेपणाने लावू नका.

महत्त्वाचं म्हणजे मोजायचं रूप आणि दाखवायचं रूप वेगळं ठेवा. मोजताना तिन्ही सोऱ्या एका खात्यात, दाखवताना शुद्ध मराठी. गिऱ्हाईक कसंही लिहो, दुकानाच्या पाटीवर शब्द बरोबरच हवा. रोमन अक्षरांत लिहिलेले मराठी शब्दही याच खात्यात जोडा.

प्रश्नचिन्हांचं कोडंही इथेच सुटतं. डेटाबेसचं टेबल जुन्या लॅटिन अक्षरसंचात असेल तर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह प्रश्नचिन्ह होऊन साठतं. ‘मोदक’ चार चिन्हांचा, ‘विळी’ही चार चिन्हांची, दोन्ही ‘????’. सगळ्या चार चिन्हांच्या शब्दांची मतं एका ओळीत गोळा होतात आणि ती ओळ निवडून येते. गेलेली अक्षरं परत मिळत नाहीत. टेबल बदलणं हे तुमचं काम नाही, त्याबद्दल शेवटी.

आठवी तपासणी: वहीला तारीख आहे का?

आकडा फक्त चढत असेल, उतरत कधीच नसेल, तर मोदकाचा साचा बाराही महिने वर राहणारच. वरच्या सगळ्या तपासण्या झाल्या तरी हा दोष राहतो, कारण इथे नोंद खरीच असते, फक्त शिळी.

उपाय म्हणजे नोंदीचं वजन वयाप्रमाणे घटवायचं. दर चौदा दिवसांनी वजन निम्मं, असं धरा. २०२५ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि दिवाळीचा पाडवा २२ ऑक्टोबरला, बरोबर ५६ दिवसांनी. समजा चतुर्थीच्या दिवशी मोदकाच्या साच्याचं वजन ८०० होतं आणि नंतर कुणी तो शोधला नाही. चार पंधरवड्यांत ते ४००, २००, १०० आणि ५०वर येतं. तेवढ्यात फराळाच्या तयारीत ‘मोठी कढई’ १२०वर पोचली की ती आपोआप वर. कुणाला हाताने काही लपवावं लागत नाही.

पण पुढच्या गणपतीत साचा वेळेत वर यायला हवा, म्हणून गेल्या वर्षीच्या त्याच मोसमाची थोडी मतं आगाऊ द्यावी लागतात. इथे इंग्रजी तारीख धरू नका. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणजे अठरा दिवस उशिरा. गेल्या वर्षीच्या तारखा उचलल्या तर साचा ऑगस्टच्या सुरुवातीलाच झळकेल आणि ऐन खरेदीच्या आठवड्यात ओसरू लागेल. तिथी धरा.

नववी तपासणी: सजेशन स्वतःलाच मत देतंय का?

गिऱ्हाइकाने स्वतः टाइप केलेला शब्द आणि दाखवलेल्या यादीतून बोटाने निवडलेला शब्द, दोन्ही सारखेच मोजले जात असतील तर वरचा शब्द वरच राहतो. दिसतो म्हणून निवडला जातो, निवडला जातो म्हणून दिसतो. दोन आकडे वेगळे ठेवायला सांगा, आणि यादीतून निवडलेल्याचं वजन कमी ठेवा. त्याहून चांगला पुरावा म्हणजे पुढे काय झालं: शोधल्यावर वस्तू उघडली का, पिशवीत टाकली का, विकत घेतली का. ज्या शब्दानंतर लोक काहीच न उघडता निघून जातात तो कितीही लोकप्रिय असला तरी खाली जायला हवा. लहान दुकानात विक्रीचे आकडे थोडे असतात, म्हणून तिथे वस्तू उघडण्यावर भर द्या.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

कुणाचा मोबाइल नंबर, ईमेल किंवा पत्ता सजेशनमध्ये दिसला तर पहिलं काम म्हणजे सजेशन्स पूर्ण बंद करणं. सेटिंगमध्ये बटण असतं. सर्च चालू राहतं, दुकान अडत नाही. मग फोन करा. हे नंबर येतात कारण गिऱ्हाईक आपली ऑर्डर कुठे पोचली हे शोधायला तिथेच नंबर टाइप करतं. तो नंबर अनोळखी माणसाला दिसणं ही साधी चूक नव्हे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ झाल्यापासून तर अजिबात नाही. घाईने वहीतल्या ओळी खोडू नका, नेमकं काय आणि किती दिवस दिसत होतं ते जाणकाराला पाहू द्या. चाळणी लावताना त्याला आठवण करा की नंबर देवनागरी अंकांतही टाइप होतो, मध्ये मोकळी जागाही असते, आणि पुढे ९१ही असतं. माझ्याकडे आलेल्या एका चाळणीने इंग्रजी अंक अडवले होते आणि देवनागरी अंक सरळ पुढे सोडले होते. सर्च बॉक्सशेजारी ‘माझी ऑर्डर’ असं ठळक बटण दिलं की असे शोध कमी होतात.

सर्च बॉक्समध्ये कोनी कंसातली ठळक अक्षरांची खूण, म्हणजे <b>, टाइप करून त्यापुढे एखादा शब्द लिहा. निकालाच्या पानावर तो शब्द खरोखर ठळक दिसला तर थांबा. याचा अर्थ बाहेरच्या माणसाने लिहिलेला कोड तुमच्या पानावर चालू शकतो. हे प्लगइन बदलून सुटत नाही.

टेबलाचा अक्षरसंच बदलायचा असेल, सर्च इंजिनाची सूची नव्याने बांधायची असेल किंवा शब्द तोडण्याचे नियम बदलायचे असतील, तर आधी पूर्ण बॅकअप आणि तोही दुसऱ्या जागी उतरवून पाहिलेला. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या आधीच्या तीन आठवड्यांत हे काम कुणी करतो म्हटलं तरी करू देऊ नका. सजेशन वाकडं असलं तरी विक्री चालते. सूची अर्धवट राहिली तर सर्चच रिकामं होतं.

बोलावण्याआधी एवढं तयार ठेवा: वहीची सगळी यादी सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) उतरवलेली, बिघडलेल्या सजेशनचे वेळेसह स्क्रीनशॉट, ते इनकॉग्निटोमध्ये दिसतं की नाही याची नोंद, आणि सर्व्हरच्या लॉगचे, म्हणजे कोण कधी आलं याच्या नोंदींचे, मागचे सात दिवस. लॉग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जातात, म्हणून ते आजच उतरवून घ्या.